तुमच्यासाठीच तर चाललोय!

ठाण्याहून एका वाचक मैत्रिणीने सविस्तर पत्र पाठवलं आहे. नाव आणि ओळखीच्या खुणा वगळून त्याचा सारांश असा :

नवरा-बायको दोघंही नोकरी करतात. मुलगी सोळा वर्षांची, दहावीची परीक्षा नुकतीच संपलेली, चित्रकलेची आवड असलेली. मुलगा तेरा वर्षांचा. जपान पाहायचं हे नवऱ्याचं कॉलेजात असल्यापासूनचं स्वप्न. त्यासाठी बरीच वर्षं पैसे बाजूला टाकले आणि आता २६ एप्रिल ते ६ मे असा बेत ठरला आहे. टोकियो, हाकोने, कानाझावा, क्योतो, नारा, ओसाका, हिरोशिमा आणि परत टोकियो. नवऱ्याने तासातासाचा तक्ता केला आहे, रोज सकाळी सातला हॉटेल सोडायचं. हॉटेलं रद्द करता येतील अशी घेतली आहेत, पण विमानाची तिकिटं येत्या दहा-बारा दिवसांत काढावीच लागतील. आणि मुलगी म्हणते, ‘मी येणार नाही, मला आजीकडे ठेवा.’ कारण काय, तर मेच्या पहिल्या आठवड्यात मैत्रिणींचा कर्जतला जायचा बेत. मुलगा यायला तयार आहे, पण त्याला फक्त आकिहाबारा, म्हणजे टोकियोतला इलेक्ट्रॉनिक्स, गेम्स आणि अ‍ॅनिमेच्या दुकानांचा भाग बघायचंय. बाकी ‘काहीही चालेल’ म्हणतो आणि मोबाइलमधून मान वर करत नाही. गेल्या वर्षी केरळच्या सहलीत रोज एक भांडण झालं होतं. नवरा फार दुखावलाय. ‘तुमच्यासाठीच तर चाललोय! आम्हाला तुमच्या वयात महाबळेश्वरसुद्धा कुणी दाखवलं नव्हतं,’ असं तो म्हणाला आणि मुलगी दार आपटून आत गेली. मैत्रीण विचारते : तिला बळेच न्यावं का? आजीकडे ठेवावं? की बेतच रद्द करावा? मोबाइल घरी ठेवायला लावला तर? शाकाहाराची काळजीही एका ओळीत आहे. आणि शेवटी लिहिलंय, ‘दोन वर्षांनी ती बाहेर शिकायला जाईल. चौघांनी मिळून करायचा हा शेवटचाच मोठा प्रवास आहे हो.’

मैत्रिणी,

तुमच्या प्रश्नांकडे वळण्याआधी मला तुमच्या मिस्टरांच्या त्या वाक्यापाशी थांबायचंय. ‘तुमच्यासाठीच तर चाललोय!’ ते मनापासूनच म्हणाले असणार. पण ते खरं आहे का? जपानचं स्वप्न त्यांचं आहे, कॉलेजपासूनचं आहे, असं तुम्हीच लिहिलंय. पैसे त्यांनी साठवले, तक्ता त्यांनी जागून केला. मुलीने जपान मागितलंच नव्हतं. न मागितलेली गोष्ट हातात ठेवायची आणि वर ‘आता खूश हो’ म्हणायचं, याने कुठलंही सोळा वर्षांचं मूल बिथरेल.

आणि स्वप्न वडिलांचं असण्यात वाईट काय आहे? आपल्याकडे आई-वडिलांनी स्वतःसाठी काही मागणं हीच जणू चोरी. मोठा खर्च मुलांच्या नावावर टाकला की मनाला टोचत नाही. पण त्या खर्चाचं देणं मग मुलांनी आनंदी चेहऱ्याने फेडायचं असतं, रोज, प्रत्येक देवळापुढे. त्यापेक्षा त्यांनी तिला सरळ सांगावं : ‘मला कधीपासून जपान बघायचंय. आणि तू सोबत असावीस असं मला फार वाटतं.’ याला ती हो म्हणू शकते, नाही म्हणू शकते, ‘पण’ म्हणू शकते. ‘तुमच्यासाठीच’ म्हटल्यावर तिला बोलायला जागाच उरत नाही.

आता महाबळेश्वर. त्यांना कुणी दाखवलं नसेल, पण उन्हाळ्याच्या सुट्टीत ते कुठेतरी जात असतीलच. एकदा निवांतपणे विचारा. बहुतेक आजोळचं नाव निघेल. एसटीचा प्रवास, मामाचं घर, मावस-मामेभावंडांची फौज. आणि मग विचारा, त्यातलं नेमकं काय आठवतं? मोठ्यांनी काय दाखवलं ते फारसं आठवणार नाही. दुपारी घर झोपलं की विहिरीवर गेलो, कुणाच्या तरी बागेतल्या कैऱ्या पाडल्या, काळोख पडेपर्यंत कुणी शोधायला आलं नाही, हे आठवेल. त्या सुट्टीत पैसा नव्हता, पण मोकळा वेळ होता, बरोबरीची मुलं होती, आणि मोठ्यांची नजर सारखी पाठीवर नव्हती.

तुमच्या तक्त्यात यातलं काय आहे? तुमच्या मुलीला घरी स्वतःची खोली आहे, शाळा आहे, मैत्रिणी आहेत. दिवसातला बराच वेळ ती तुमच्या नजरेआड असते. प्रवासात ती सकाळी सातपासून रात्रीपर्यंत आई-वडील आणि धाकट्या भावाच्या मध्ये. हॉटेलची खोली एवढी लहान की एक बॅग उघडली तर दुसरी मिटावी लागते. ती जपानला नाही म्हणत नसावी. त्या तक्त्यात तिची जी जागा आहे, तिला ती नाही म्हणतेय.

कर्जतच्या बेताला पत्रात तुम्ही अर्धी ओळ दिलीय, तीही ‘कारण काय, तर’ म्हणून. मला मात्र ती पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ वाटली. दहावी संपली की शाळेचा ग्रुप फुटतो. कुणी सायन्सला, कुणी कॉमर्सला, कुणी डिप्लोमाला, कुणाच्या वडिलांची बदली. जूननंतर त्या मुली पुन्हा एका वर्गात बसणार नाहीत. चौघांचा शेवटचा प्रवास म्हणून तुमचा जीव तुटतो ना? तिचाही तसाच तुटतोय, फक्त तिची चौघं वेगळी आहेत. ‘मैत्रिणी काय, रोजच भेटतात’ असं कुणी म्हणालं असेल, तर ते आधी मागे घ्या.

आणि इथे एक चांगली बातमी आहे. तुमच्या तारखा तशाही बदलायला हव्यात. २९ एप्रिल ते ५ मे हा जपानमधला ‘गोल्डन वीक’. २९ एप्रिलला शोवा दिन, ३ मेला संविधान दिन, ४ मेला हरित दिन, ५ मेला बालदिन, अशा लागोपाठ सुट्ट्या येतात आणि अख्खा जपान घराबाहेर पडतो. बुलेट ट्रेनची आरक्षणं भरतात, हॉटेलं महागतात, क्योतोच्या बसमध्ये पाय ठेवायला जागा नसते. तुमची तारीख बरोबर यात सापडलीय. ९-१० मेनंतर निघालात तर गर्दी ओसरलेली असेल, हवा सुखाची असेल, आणि टोकियो-क्योतोकडचा पावसाळा साधारण जूनमध्ये सुरू होतो, त्याच्या आत तुम्ही घरी. मुलगी कर्जतला जाऊन येईल. दोघांपैकी कुणालाच हार मानावी लागणार नाही. फक्त तिला हे सांगताना ‘तुझ्या हट्टापायी तारखा बदलल्या’ असं म्हणू नका. गर्दीचं कारण खरं आहे, आणि तिचा बेतही तितकाच खरा आहे. दोन्ही सांगा.

तारखा पुढे नेल्या की एक गोष्ट मध्ये येऊ शकते. दहावीचा निकाल. राज्य मंडळाचा निकाल २०२४ मध्ये २७ मेला लागला, २०२५ मध्ये १३ मेला. तुम्ही क्योतोत असताना तो लागू शकतो. इथे दुपारी एकला निकाल ऑनलाइन आला की तिथे साडेचार वाजलेले असतात. तुम्ही पत्रात निकालाबद्दल काहीच लिहिलं नाहीय, पण तिच्या मनात तो असणारच. कदाचित ‘मला आजीकडे ठेवा’ यामागे तोही असेल. तिला विचारा, निकाल तिथे असताना लागला तर तुला कुठे असायला आवडेल? खोलीत एकटीने बघायचाय की आम्ही सोबत हवेत? कुणाला कळवायचं, कधी कळवायचं? आणि त्या संध्याकाळी काका-मामांचे फोन तिच्या परवानगीशिवाय तिच्या हातात देऊ नका. अकरावीचं प्रवेशाचं काम ऑनलाइन असतं, तेव्हा तिची कागदपत्रं स्कॅन करून दोन ठिकाणी ठेवून निघा, म्हणजे तिथे धावपळ नको.

आता तो सकाळी सातचा तक्ता. जपानचं घड्याळ आपल्या साडेतीन तास पुढे. तिथले सकाळचे सात म्हणजे मुलांच्या शरीराला पहाटेचे साडेतीन. सातला लॉबीत हजर राहायचं तर उठायचं सहाला, म्हणजे इथल्या अडीचला. शिवाय वयात येताना झोपेचं चक्रच पुढे सरकतं. झोप आणणारं मेलाटोनिन या मुलांच्या शरीरात रात्री उशिरा वाढतं, म्हणून ती लवकर झोपू शकत नाहीत आणि सकाळी उठू शकत नाहीत. तेरा ते अठरा वयाच्या मुलांना रोज ८ ते १० तास झोप हवी, अशी अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनची शिफारस आहे. केरळला रोज भांडण झालं म्हणता. ती भांडणं किती वाजता व्हायची ते आठवून बघा. सकाळी निघताना आणि दुपारी उपाशीपोटी, असं उत्तर येईल असा माझा अंदाज आहे. त्यात संस्कारांचा संबंध नाही. अपुऱ्या झोपेचा आणि रिकाम्या पोटाचा आहे.

तेव्हा मुलांची सकाळ दहाला सुरू होऊ दे. निदान पहिले तीन-चार दिवस तरी. त्या आधीचा वेळ तुमच्या दोघांचा. मे महिन्यात तिथे पाचच्या सुमारास उजाडतं. फुशिमी इनारीचं देवस्थान दिवसरात्र खुलं असतं आणि क्योतो स्टेशनपासून नारा लाइनने दुसरं स्टेशन. शेंदरी कमानींची ती वाट दहानंतर माणसांनी भरून वाहते, पण पहाटे तिथे तुम्ही दोघं आणि पक्षी. जपान ज्यांचं स्वप्न आहे त्यांनी ते असं पाहावं, मागे कुणी जांभई देत उभं नसताना. सोळा आणि तेरा वर्षांची मुलं हॉटेलात दोन तास निर्धास्त झोपू शकतात. तुम्ही परत याल तेव्हा ती नाश्त्याला तयार असतील.

यादीतली गावंही कमी करा. सात ठिकाणं आणि एवढ्यांदा बॅगा भरणं, यात कुणीच काही पाहत नाही. टोकियो आणि क्योतो, दोनच मुक्काम ठेवा. क्योतोहून नारा पाऊण तासावर, ओसाका अर्ध्या तासावर. दोन्ही जाऊन-येऊन होतात. नाऱ्याच्या उद्यानात हजारावर हरणं मोकळी फिरतात आणि बिस्किटासाठी मान लववतात. तुमच्या मुलाची मान मोबाइलमधून वर येण्याची मला तिथे खात्री वाटते. कानाझावा आणि हाकोने गाळा. हिरोशिमाचा निर्णय मुलांना विचारून घ्या. ६ ऑगस्ट १९४५ च्या अणुबॉम्बबद्दल पुस्तकात वाचणं वेगळं आणि तिथल्या संग्रहालयात लहान मुलांचे जळके कपडे, डबे पाहणं वेगळं. मुलीला ते झेपेल, कदाचित आयुष्यभर लक्षातही राहील. तेरा वर्षांच्या मुलाला आधी सांगून, त्याचा कल बघून न्या. नको म्हणाला तर एक पालक त्याच्यासोबत बाहेरच्या उद्यानात थांबू शकतो.

परदेशी पर्यटकांसाठीच्या जपान रेल्वे पासचं गणित मुलाला करायला द्या. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये सात दिवसांचा साधा पास २९,६५० येनवरून ५०,००० येनवर गेला, आणि बारा वर्षांपुढच्या मुलांना मोठ्यांचंच भाडं. टोकियो-क्योतो एका बाजूचं आरक्षित तिकीट सुमारे १४,००० येन. हिरोशिमा गाळलं तर पास परवडतो का, धरलं तर काय होतं, हे त्याने चालू भाडी बघून मांडावं. आणि त्याने काढलेलं उत्तर घरात मान्य व्हावं. ‘छान केलंस’ म्हणून कागद बाजूला ठेवून बाबांनी आपलंच करायचं, असं मात्र नको. मुलांना हे लगेच कळतं.

मुलीलाही असंच खरं काम हवं. टोकियोजवळच्या मिताकाचं जिब्ली संग्रहालय, म्हणजे त्या नावाच्या अ‍ॅनिमेशन स्टुडिओचं, तिला माहीत असेलच. तिथे दारावर तिकीट मिळत नाही. पुढच्या महिन्याची तिकिटं दर महिन्याच्या १० तारखेला जपानच्या सकाळी दहाला खुली होतात. म्हणजे मेच्या तिकिटांसाठी १० एप्रिलला आपल्याकडे सकाळी साडेसहाला कुणीतरी लॅपटॉपसमोर बसायला हवं. ते काम तिचं. तिला रस असेल तरच, हे वेगळं सांगायला नको. टोकियोतला एक दिवस पूर्ण तिचा, एक दिवस पूर्ण मुलाचा. चित्रं काढणाऱ्या मुलीला गिंझातलं इतोया हे कागद-रंग-लेखणीचं दुकान दाखवा. १९०४ पासूनचं आहे, मजल्यामागून मजले नुसता कागद आणि शाई. तिथे ती दोन तास रमली तर दोन तास रमू द्या. ‘हे तर आपल्याकडेही मिळतं’ हे वाक्य कुणी उच्चारू नये. मुलाच्या दिवशी आकिहाबारा, आणि वडिलांनी खरोखर त्याच्यासोबत हिंडावं. बाहेर बाकावर बसून ऑफिसच्या मेलना उत्तरं देऊ नयेत.

आता मोबाइल. घरी ठेवायला लावू नका. जपानमध्ये तोच नकाशा, तोच दुभाषा, तोच गाड्यांचा फलक. उलट वाट दाखवायचं काम मुलाकडे सोपवा. टोकियोच्या शिंजुकु स्टेशनला दोनशेच्या आसपास दारं आहेत. तिथून योग्य दाराने बाहेर काढणं हे तेरा वर्षांच्या मुलासाठी मोठंच काम आहे. तो चुकेल. तुम्ही चौघं चुकीच्या दाराने बाहेर पडाल, एक चौक उलटे चालाल, नवऱ्याचा हात आपोआप त्याच्या फोनकडे जाईल. तो हात तुम्ही धरा. पाच मिनिटांत पोरगं स्वतःच वळून ‘इकडून’ म्हणेल. जेवायच्या टेबलावर फोन नाही हा नियम जरूर करा, पण तो चौघांना लागू असू दे.

आणि फोटोंचं एक. प्रत्येक कमानीखाली ‘उभी राहा, हस’ हे या वयाच्या मुलींना जीवघेणं वाटतं. त्याहून जीवघेणं म्हणजे तोच फोटो दहा मिनिटांत नातेवाइकांच्या ग्रुपवर जाणं आणि खाली आत्याने ‘तब्येत चांगली झालीय’ लिहिणं. तिचा फोटो तिला दाखवल्याशिवाय कुठेही पाठवायचा नाही, हे निघण्याआधी ठरवून टाका. बदल्यात रोज एक फोटो चौघांचा, तिच्या हातून काढलेला.

मोकळ्या वेळाबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण इथे पालकांचा जीव अडतो. टोकियोत पहिलीतली मुलं दप्तर पाठीला लावून एकटी लोकलने शाळेला जाताना दिसतात. आपल्या मुलांना दोन तास एकत्र सोडायला याहून सोयीची शहरं जगात थोडी. सुरुवात यामानोते लाइनने करा. ही लाइन वर्तुळाकार आहे, ३० स्टेशनं, साधारण तासाभरात पूर्ण फेरी. उलट दिशेच्या गाडीत बसलं तरी मूल शेवटी योग्य स्टेशनावर येतं. दोघांकडे स्वतःचं सुइका किंवा पास्मो हे आधी पैसे भरून वापरायचं प्रवासाचं कार्ड, चालू डेटा, हॉटेलचं जपानी अक्षरांतलं कार्ड आणि थोडे रोख येन. भेटायची जागा आणि वेळ आधी ठरलेली. अडचण आली तर चौकाचौकात ‘कोबान’ म्हणजे पोलिसांची चौकी असते. पोलिसांसाठी ११०, रुग्णवाहिकेसाठी ११९. सोळा वर्षं पूर्ण झालेल्या परदेशी पाहुण्याने पासपोर्ट सतत जवळ बाळगायचा, असा तिथला कायदा आहे, तेव्हा मुलीचा पासपोर्ट तिच्याच पिशवीत हवा. गर्दीच्या वेळी लोकलमध्ये मुली-बायकांची छेड काढण्याचे प्रकार तिथेही होतात, आणि त्यासाठी अनेक मार्गांवर महिलांचा डबा असतो. हे तिला झाकून न ठेवता सांगा. ठाण्याची मुलगी आहे, लोकल तिला नवीन नाही. तिला घाबरवायची गरज नाही, माहिती द्यायची आहे.

त्या दोन तासांत दर वीस मिनिटांनी फोन करू नका. परत आल्यावर ‘काय केलं?’ची उलटतपासणीही नको. सांगायचं असेल ते रात्री आपसूक सांगतील.

बाकी गोष्टी भराभर सांगते. खोल्या दोन लागतील. चौघांची एक खोली तिथे सहज मिळत नाही, आणि मिळाली तरी घेऊ नका. आई-मुलगी आणि बाप-लेक अशी वाटणी या वयाला बरी पडते. मध्ये दोन दिवस बदलून बघा, बाप-मुलगी एकत्र हिंडू देत. दोघंच असली की मुलं जे बोलतात ते चौघांत बोलत नाहीत. मोठ्या बॅगा टोकियोच्या हॉटेलातून क्योतोच्या हॉटेलात परस्पर पाठवायची सोय असते, दुसऱ्या दिवशी पोचतात. ती वापरा. लांबी, रुंदी, उंची मिळून १६० सेंटिमीटरपेक्षा मोठी बॅग तोकाइदो म्हणजे टोकियो-क्योतो-ओसाका मार्गाच्या बुलेट ट्रेनमध्ये न्यायची तर तशी जागा आधी आरक्षित करावी लागते. गरम पाण्याच्या सार्वजनिक स्नानगृहात कपडे पूर्ण काढून उतरतात. किशोरवयीन मुलांना हे अशक्य वाटू शकतं, आणि त्यांनी नाही म्हटलं की विषय संपला. घरच्यांपुरतं तासाभरासाठी खासगी स्नानगृह भाड्याने मिळतं.

औषधांची पिशवी भरताना सावध राहा. स्युडोएफेड्रिनचं प्रमाण १० टक्क्यांहून जास्त असलेली सर्दीची औषधं आणि काही इनहेलर जपानमध्ये नेता येत नाहीत. लक्ष एकाग्र होण्यासाठी दिल्या जाणाऱ्या औषधांपैकी अँफेटामाइन असलेली तर डॉक्टरांची चिठ्ठी असली तरी चालत नाहीत. इतर कुणा वाचकाचं मूल अशी काही गोळी घेत असेल, तर डॉक्टरांशी आणि जपानच्या वकिलातीशी आधीच बोलून घ्यावं.

शाकाहाराची काळजी खरी आहे. दिसायला शाकाहारी असलेल्या सूपमध्ये आणि सॉसमध्ये ‘दाशी’ म्हणजे चवीसाठी उकळून काढलेलं पाणी असतं, आणि ती दाशी बहुतेक वेळा सुक्या माशाची. कडक शाकाहारी असाल तर बौद्ध मठांच्या परंपरेतलं ‘शोजिन र्‍योरी’ क्योतोत मिळतं, त्यात मासा-मांस नसतं. मोठ्या शहरांत भारतीय हॉटेलंही पुष्कळ. खोलीत किटली असतेच, तेव्हा तयार उपमा, पोहे, मेतकूट, भडंग न्या. ताजी फळं आणि मांसाचे पदार्थ मात्र नेऊ नका, विमानतळावर काढून घेतात. बुलेट ट्रेनमध्ये डबा उघडायला हरकत नाही, सगळेच खातात. शहरातल्या लोकलमध्ये मात्र कुणी खात नाही. तिथे थालीपीठ-लोणच्याचा डबा उघडलात तर मुलं पुढच्या डब्यात जाऊन उभी राहतील, आणि त्यांचं बरोबर असेल. मुलं बाहेर काही वेगळं खात असतील तर तिथे ते खाऊ द्या. रात्री अकराला भावंडांनी खाली कोपऱ्यावरच्या सेव्हन-इलेव्हनमध्ये जाऊन स्वतःच्या पैशांनी काहीतरी विचित्र चवीचं आइस्क्रीम आणणं, हे त्यांना देवळांपेक्षा जास्त दिवस आठवेल. त्यासाठी रोजचे ठरावीक येन प्रत्येकाच्या हातात द्या आणि हिशेब विचारू नका.

अशाच विवंचनेत असलेल्या इतर वाचकांसाठी दोन गोष्टी. टूर कंपनीबरोबर जाणार असाल तर वेळापत्रक तुमच्या हातात नसतं. पैसे भरण्याआधी विचारा की ग्रुपमध्ये त्या वयाची आणखी मुलं आहेत का आणि मोकळी दुपार किती वेळा मिळते. पस्तीस मोठ्यांत एकच पंधरा वर्षांचा मुलगा असेल तर त्याचे हाल होतात. वाटेतलं एखादं ठिकाण सोडून एका पालकाने त्याच्याबरोबर हॉटेलवर थांबलं तर पैसे वाया गेले असं समजू नका. आणि अमेरिका-ऑस्ट्रेलियात भावाबहिणीकडे जाणार असाल, तर मुलांना भावंडांच्या हवाली करून निम्मं स्थलदर्शन सोडून द्या. तिथल्या मामेबहिणीबरोबर बसने ग्रंथालयात किंवा मॉलमध्ये जाणं हेच त्यांचं परदेश.

राहिला तुमचा मूळ प्रश्न. बळेच नेऊ नका. बेत रद्दही करू नका. रद्द केलात तर बापाचं स्वप्न मोडल्याचा ठपका त्या मुलीवर कायमचा बसेल, कुणी उच्चारो न उच्चारो. तारखा बदलून, तक्ता मोडून, तिला तिचा दिवस आणि तिचे तास देऊन विचारलंत तर ती येईल असं मला वाटतं. तरीही नाही म्हणाली, तर तिला आजीकडे ठेवा आणि तुम्ही तिघं जा. सोळा वर्षांच्या मुलीने दहा दिवस आजीकडे राहणं हे संकट नाही. मग मात्र रुसून ठेवू नका. विमानतळावरून ‘बघ, अजूनही येऊ शकली असतीस’ असा मेसेज नको, आणि तिथून रोज चाळीस फोटोही नकोत. तिने विचारलं तर सांगा.

‘शेवटचाच प्रवास’ ही भीती तुम्ही मनातून काढून टाकावी असं मला फार वाटतं. या सदराला पत्रं लिहिणाऱ्यांत पंचविशी-तिशीतली मुलं असतात, आई-बाबांना आपल्या पैशांनी कुठे घेऊन जाऊ असं विचारणारी. प्रवास थांबत नाहीत. शेवटचा म्हणून गेलात तर प्रत्येक जेवण, प्रत्येक फोटो सुंदर व्हायलाच हवा असा ताण तुमच्यावर येईल, आणि तो आधी मुलीला जाणवेल.

तिच्याशी तुम्ही नका बोलू, मिस्टरांना बोलू द्या. तुम्ही मध्यस्थ झालात की दोघंही तुमच्यामार्फत भांडत राहतील. जेवणाच्या टेबलावर नको, भावासमोर नको. दोघांनी संध्याकाळी तलावपाळीला चक्कर मारावी, तक्ता घरीच ठेवावा. आधी त्यांनी कर्जतबद्दल विचारावं, कोण कोण जाणार, कुठे राहणार. मग जपान का बघायचंय ते सांगावं, कॉलेजात असताना ते स्वप्न कुठून आलं तेही. आणि उत्तर त्याच संध्याकाळी मागू नये. तिकिटांना अजून दहा दिवस आहेत, त्यातले चार तिला विचार करायला द्या.